मेंदूतील तारांचे आवरण

मुलांनो, विजेची तार तुम्ही पाहिली असेल. आत तांबे असते आणि वर प्लॅस्टिकचे आवरण. आवरण फाटले की दिवा लुकलुकतो, कधी विझतोही.

आपल्या मेंदूतही अशा बारीक तारा आहेत. त्यांना मज्जातंतू म्हणतात. पुष्कळ मज्जातंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे पांढरे आवरण असते. असे आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून तो जेमतेम एक-दोन मीटर जातो.

आता क्षयरोगाकडे वळू. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. हा जंतू बहुधा फुफ्फुसात ठाण मांडतो. कधी तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूज्वर होतो. पण एक निराळा, फार दुर्मिळ आजारही आहे. त्यात जंतू छातीत असतो आणि इजा मेंदूला होते! ती कोण करते? आपलेच सैन्य. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी लढता लढता मायेलिनलाच शत्रू समजतात. तेथे सूज येते, आवरण झडते. मग झापड येते, बोलणे अडखळते, नजर अंधुक होते, हातपाय लुळे पडतात.

मेलेले जंतूसुद्धा या सैन्याला चेतवू शकतात. न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ च्या सुमारास माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. कित्येक महिन्यांनी काही माकडे आजारी पडली. १९४७ साली एल्विन कॅबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या अर्कात तेल आणि क्षयरोगाचे मेलेले जंतू मिसळले. आता थोड्याच सुया पुरल्या, आणि काही आठवड्यांतच माकडांच्या मेंदूतील आवरण झडू लागले. बिचाऱ्या मुक्या प्राण्यांनी हे सोसले, म्हणून आपल्याला ते कळले.

उपचारात डॉक्टरांची कसोटी लागते. स्टेरॉइड दिले की सैन्य शांत होते. पण सैन्य शांत झाले की जंतूंचे फावते. म्हणून क्षयरोगाची औषधेही सोबत द्यावी लागतात. ती किमान सहा महिने चालतात. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात.

झडलेले मायेलिन पुन्हा तयार होऊ शकते. पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत चालू-बोलू लागतात. काहींच्या हातापायांत मात्र थोडा अशक्तपणा उरतो.