पूररेषा, पूरभिंत आणि नदीकाठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण अशी आहे. पाऊस कमी म्हणजे पुराचा धोकाही कमी, हा समज त्यातूनच रुजला. पण जिल्ह्यातल्या मोठ्या नद्यांना येणारे पाणी दुष्काळी पट्ट्यातले नसते. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येते. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. गोदावरीचा पूर तर नाशिक जिल्ह्यात तयार होतो, त्यामुळे कोपरगावात लख्ख ऊन असतानाही नदी पात्र सोडू शकते. सीनेची गोष्ट वेगळी. तिचा उगम नगर शहराजवळच असल्याने जोराचा पाऊस झाला की काही तासांत पाणी चढते आणि नगर-कल्याण रस्त्यावरची वाहतूक थांबते. म्हणूनच गोदावरीकाठच्या गावांना वरच्या विसर्गाची आगाऊ सूचना मिळणे मोलाचे असते, तर सीनेकाठी पाणलोटातल्या पर्जन्यमापकांवर लक्ष ठेवावे लागते.

वर धरण आहे, म्हणजे पूर अडला, हा दुसरा समज. 1 लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला तर 8.64 टीएमसी पाणी होते. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाची क्षमता सुमारे 11 टीएमसी आहे. म्हणजे एवढा प्रवाह येत राहिला तर ते पूर्ण रिकामे असले तरी 31 तासांत भरेल. शिवाय ऑगस्टच्या मध्यावर अशी धरणे बहुधा भरत आलेली असतात. धरणाने पुराचा माथा कापायचा असेल, तर जलाशय परिचालन सूचीनुसार आधीच जागा मोकळी ठेवून पाणी टप्प्याटप्प्याने सोडावे लागते, आणि दुष्काळी जिल्ह्यात साठा सोडणे कोणालाच सोपे जात नाही. गोदावरीवरचे नांदूरमधमेश्वर तर साठवणुकीचे धरण नव्हेच. कालव्यांत पाणी वळवणारा तो बंधारा आहे. गंगापूर, दारणा धरणांतून आलेला लोंढा तो जवळपास तसाच पुढे जाऊ देतो. खाली जायकवाडी भरलेले असेल, तर त्याचा फुगवटा नेवासे आणि शेवगाव तालुक्यांपर्यंत पोचतो आणि वरून येणाऱ्या पाण्याचा निचरा मंदावतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पूररेषेचा. निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींसह करता येते. पण "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ एक पूर येऊन गेला की नदी शंभर वर्षे गप्प बसेल असा नाही. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का, एवढाच त्याचा अर्थ. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, तर निळ्या रेषेपर्यंत येण्याची 70 टक्क्यांच्या आसपास असते. भराव टाकून प्लॉट उंच केला तरी धोका मिटत नाही. त्या जागेत मावणारे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

पूरभिंतीचेही तसेच. भिंतीमुळे प्रवाह आवळला जातो, पातळी चढते आणि पुराचा जोर समोरच्या काठावर नाहीतर खालच्या गावावर जातो. भिंतीमागच्या ओढ्यांना झडपांची वाट ठेवली नाही, तर पावसाचे पाणी वस्तीतच तुंबते. गावठाण किंवा पाणीयोजनेचे जॅकवेल वाचवण्यासाठी भिंत लागतेच. अख्ख्या काठाला ती घालणे मात्र घातक. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळ तालुक्यांची दैना केली. नदीचे नियोजन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही, हे त्यातून दिसले.

खोलीकरणाने पूर टळतो, असेही ठामपणे सांगितले जाते. पुलाच्या अरुंद गाळ्यांत अडकलेला कचरा आणि राडारोडा काढल्याचा फायदा नक्की होतो. पण वाळू उपसून पात्र खरवडले, तर काठ ढासळतात आणि पुलांचे पाये उघडे पडतात. काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते, कारण नदीतली वाळू हाच त्यांचा साठा असतो.

राहिला काठावरच्या झाडीचा प्रश्न. झाडी पाणी अडवते म्हणून सरसकट तोडावी, हे अर्धसत्य आहे. पात्रात माजलेली वेडी बाभूळ आणि जलपर्णी हटवायलाच हवी. पण काठावरचे करंज, जांभूळ, वाळुंज, उंबर आणि खालचा लव्हाळा माती धरून ठेवतात. उभ्या मातीच्या दरडींत वेडा राघू आणि खंड्या बिळे करतात. दगडी पिचिंग केले की ती जागा संपते. म्हणून पिचिंग पूल, घाट आणि वस्तीपुरते ठेवून बाकीचा काठ उताराचा, गवत-झाडीचा राखणे पुरासाठीही सोयीचे. निळ्या रेषेच्या आतली गाळाची जमीन शेतीला, चराईला, खेळाच्या मैदानाला चालते, आणि पुराच्या दिवसांत तिथेच पाणी पसरते.

कामाच्या वेळेचा विचार आराखड्यांत बहुतेक वेळा राहून जातो. गाळ काढणारी यंत्रे उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर पात्रात उतरतात. नेमकी मार्च ते मे या काळात नदी सुरय आणि आर्ली वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतात, आणि मासे उरलेल्या डोहांत तग धरून असतात. त्यामुळे कामापूर्वी डोह आणि बेटांची नोंद नकाशावर घ्यावी लागते, काम तुकड्यातुकड्याने करावे लागते आणि नोंदलेल्या जागा पावसाळ्यापर्यंत तशाच सोडाव्या लागतात.