गिऱ्हाईक आणावे कसे, टिकवावे कसे?

घोड्यांच्या शर्यतीवरील पैज आपल्या धंद्यात बसत नाही. पण शर्यतीच्या मैदानावर माणूस वर्षानुवर्षे का येतो, हे गोराईच्या दुकानदार बंधूंनी जरूर पाहावे. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. तेथील 'इंडियन डर्बी' १९४३ पासूनची. तिचा रविवार आधीच जाहीर होतो, म्हणून लोक बेत आखून, नटूनथटून येतात. पैज न लावणाऱ्यालाही पाहायला मौज, खायला चार घास मिळतात.

गोराईत एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडले. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले आणि जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा खाडी ओलांडायला नवे कारण मिळाले. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डचे फाटक लोकांसाठी बंद झाले. दुसऱ्याच्या फाटकाने आणलेले गिऱ्हाईक त्या फाटकाबरोबरच जाते!

म्हणून आम्ही सुचवतो : महिन्यातला एक रविवार ठरवा, त्या दिवशी एक खास जिन्नस ठेवा. भाव फळ्यावर लिहा. सावलीत बाकडे टाका, पिण्याचे पाणी ठेवा, परतीच्या बोटीची वेळ सांगा. दुसऱ्यांदा आलेल्याला ओळख द्या. पहिली खेप समुद्र घडवतो. दुसरी खेप दुकानदारानेच घडवायची असते.