चेरोकी विमाने आणि पंखातील अदृश्य तडा

स्वतःचे विमान स्वतः चालवीत प्रवासास निघणारा खाजगी वैमानिक हे अमेरिकेत नवलाचे दृश्य नाही. अशा वैमानिकांना परवडेल असे विमान असावे, या हेतूने तेथील पायपर कंपनीने ‘पीए-२८ चेरोकी’ हे एक-इंजिनी विमान सिद्ध केले. त्याचे पहिले उड्डाण १४ जानेवारी १९६० रोजी झाले. याच कंपनीचे पूर्वीचे ‘कब’ विमान कापडाने मढविलेले असे. चेरोकीचा देह मात्र संपूर्ण धातूचा, पंख खालच्या बाजूस आणि सुटे भाग शक्य तितके कमी. पुढे याच सांगाड्यावर, चाके पोटात घेणारे ‘ॲरो’, निमुळत्या पंखांचे ‘वॉरियर’, तसेच ‘आर्चर’ अशी भावंडे निघाली. या कुळातील तीस हजारांहून अधिक विमाने आजवर तयार झाली आहेत.

हौसेसाठी योजिलेले हे विमान प्रशिक्षण संस्थांनीही आपलेसे केले, आणि तेथेच एक प्रश्न उद्भवला. शिकाऊ वैमानिक दिवसभर उतरतो, पुन्हा उडतो. जमिनीलगतची हवाही अशांत असते. तार वारंवार वाकविली की ती तुटते. पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईचेही तसेच आहे. दि. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एका ‘ॲरो’ विमानाचा डावा पंख उड्डाणातच निखळला. शिकाऊ वैमानिक आणि परीक्षक दोघेही मृत्यू पावले. विमान २००७ सालचे, म्हणजे तसे तरुणच होते. परंतु त्याने साडेसात हजारांहून अधिक तास उड्डाण केले होते. तुळईच्या खालच्या भागात, बोल्टाच्या भोकापाशी तडा वाढत गेला होता. बोल्ट काढल्यावाचून असा तडा डोळ्यांस दिसणे कठीण.

अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने २०२१ मध्ये लागू केलेला आदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भाड्याने किंवा प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी सक्तीची असते. नोंदवहीतील अशा तपासण्या मोजून कष्टाचे तास काढावयाचे, उरलेल्या तासांना १७ ने भागावयाचे आणि दोहोंची बेरीज करावयाची. बेरीज ५,००० झाली की बोल्ट काढून, धातूत विद्युत्प्रवाहाचे सूक्ष्म भोवरे निर्माण करून तडा शोधावयाचा. ६,००० तास केवळ हौसेने उडालेल्या विमानाची बेरीज जेमतेम ३५३ भरते. तितकेच तास शिकवणीत झिजलेले विमान मात्र मर्यादेपलीकडे जाते.

सरसकट सर्व विमानांचे बोल्ट का काढू नयेत, अशी शंका कोणास येईल. परंतु बोल्ट काढताना भोकास ओरखडा गेला, तर तोच नव्या तड्याचा आरंभ ठरू शकतो. ज्या विमानाच्या देखभालीच्या नोंदी गहाळ वा अपुऱ्या असतील, त्याला मात्र या गणिताची सवलत नाही. त्याची तपासणी करावीच लागते.