फळ्याशेजारचा पडदा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतरच्या काळात, कोठे ग्रामपंचायतीने, कोठे माजी विद्यार्थ्यांनी, तर कोठे शिक्षकांनी स्वतःच पदरमोड करून प्रोजेक्टर, टॅब आणि मोठ्या पडद्याचे टीव्ही संच जिल्हा परिषदेच्या शाळांतून आणून बसविले, आणि ‘आमची शाळा डिजिटल शाळा’ असे फलक गावोगाव झळकू लागले. या लोकवर्गणीमागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु साधन वर्गात येणे आणि त्या साधनाने मुलाला काही येऊ लागणे या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांची गल्लत झाल्यामुळे साधनांचे भक्त आणि साधनांचे निंदक असे दोघेही काही समान भ्रम बाळगून असतात. त्यांपैकी प्रमुख भ्रमांचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

गैरसमज : वर्गात पडदा येणे ही अगदी अलीकडची क्रांती आहे.

वस्तुस्थिती : या प्रयोगाला आपल्या देशात अर्धशतकाचा इतिहास आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात इस्रोने अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम, असा तिचा शिरस्ता होता. पुढे १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली आणि २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात गेला. या प्रयत्नांतील दूरचित्रवाणीचा पाठ बहुतांशी एकमार्गी होता : पडद्यावरील निवेदक बोले आणि मूल ऐके, परंतु मुलाने काय ऐकले, काय उमगले आणि कोठे अडले, हे त्या निवेदकाला कळण्याची सहसा सोय नव्हती. आजचे साधन खरोखर नवे ठरावयाचे असेल, तर ते याच उणिवेची भरपाई करण्यात. चित्र अधिक रंगीत असण्यात नव्हे.

गैरसमज : यंत्र मुलाच्या हाती दिले की शिक्षण आपोआप घडते.

वस्तुस्थिती : ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातील आरंभ २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या शाळेत झाला, हे अनेकांच्या स्मरणात नसेल. हीच योजना दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने फार मोठ्या प्रमाणावर राबविली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची तुलना करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की मुलांना लॅपटॉप हाताळता येऊ लागला. पण भाषा आणि गणित या विषयांतील त्यांच्या प्रगतीत फरक पडल्याचे आढळले नाही. गुजरातेतील ‘ग्यानशाला’ या संस्थेच्या वर्गांवरील अभ्यास तर याहून उद्बोधक आहे. शिक्षिकेच्या नित्याच्या अध्यापनाचा वेळ काढून घेऊन संगणकाला दिला, तेव्हा मुले एरवीपेक्षा कमी शिकली; तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर पूरक म्हणून वापरला, तेव्हा त्यांना, विशेषतः मागे पडलेल्यांना, लाभ झाला. यंत्र तेच, पाठही तेच. भेद होता तो त्याला दिलेल्या जागेचा.

गैरसमज : मुले रमली म्हणजे मुले शिकली.

वस्तुस्थिती : हा भ्रम सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. हलते चित्र लागले की वर्ग शांत होतो, आणि ही शांतता पाहण्यास आलेल्या अधिकाऱ्याला, सरपंचाला व पालकांनाही समाधान देते; परंतु डोळे पडद्यावर खिळलेले असताना बुद्धी स्वस्थ बसलेली असू शकते. याउलट, मुलाला उत्तर द्यावयास लावणारे साधन दिसावयास अगदी साधे असले तरी फार उपयोगी पडते.

‘प्लिकर्स’ नावाचे साधन पाहा. यात मुलांच्या हाती यंत्र नसतेच. प्रत्येकाजवळ काळ्यापांढऱ्या आकृतीचे एक कागदी कार्ड असते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर बरोबर वाटते त्याचे अक्षर वर येईल असे कार्ड धरावयाचे. अक्षरे इतकी बारीक असतात, की शेजाऱ्याने काय उत्तर दिले हे सहसा दिसत नाही. बाई आपला एकच मोबाइल वर्गावरून फिरवितात, आणि कोणी काय उत्तर दिले ते क्षणात त्यांच्यासमोर येते. समजा, पाचवीच्या वर्गाला विचारले, ‘एकद्वितीयांश आणि एकतृतीयांश मिळून किती?’ आणि निम्म्या वर्गाने ‘दोनपंचमांश’ ही बाजू वर धरली, तर ही मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवीत आहेत, हे बाईंना तत्काळ उमगते. ‘समजले का?’ या प्रश्नाला साऱ्या वर्गाने एका सुरात दिलेल्या ‘हो’मधून हे कधीच उमगले नसते. आता बाई कागदाची घडी घालून समच्छेद दाखवितील, आणि तो क्षण शिक्षणाचा असेल. मोबाइलने केवळ त्या क्षणाची वर्दी दिली.

गैरसमज : प्रत्येक मुलामागे एक यंत्र नसेल तर सारे व्यर्थ.

वस्तुस्थिती : वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीची दोन-दोन मुले एका संगणकावर बसत आणि आठवड्यातून अवघे दोन तास गणिताचे खेळ खेळत; या खेळांची काठिण्यपातळी मुलाच्या कुवतीप्रमाणे बदले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एवढ्यानेही गणितात लक्षणीय सुधारणा झाली. मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने तो लाभ पुष्कळ ओसरला, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. सबब सातत्यावाचून साधनाला अर्थ नाही. प्रत्येकाला यंत्र न देता काम साधल्याचा आपल्याकडील दाखला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचा. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकालाच क्यूआर कोड जोडले, म्हणजे घरातील एखाद्या मोबाइलवर पाठ ऐकता-पाहता यावा. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला, आणि आज बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापलेले दिसतात.

गैरसमज : आजची पिढी जन्मतःच तंत्रकुशल आहे, तिला काय शिकवावयाचे?

वस्तुस्थिती : ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. अंगठा चपळ चालणे म्हणजे माहितीची पारख येणे नव्हे; ही पारख शुद्धलेखनाप्रमाणेच शिकवावी लागते.

गैरसमज : पडदा आला की पुस्तक आणि शिक्षक निकामी होतात.

वस्तुस्थिती : कागदावरील आणि पडद्यावरील वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकलनाच्या दृष्टीने कागदच सरस ठरला, विशेषतः माहितीपर मजकुराच्या बाबतीत. शिक्षकांविषयी म्हणावयाचे, तर दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय अध्ययनप्रणालीच्या केंद्रांतून साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत जी भरीव प्रगती दिसली, तेथेही निम्मा वेळ संगणकाचा आणि निम्मा वेळ लहान गटाला शिकविणाऱ्या माणसाचा होता. तेथील संगणकाचे खरे कर्तृत्व असे, की इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे असलेल्या मुलाला त्याच्या खऱ्या पातळीवरचा प्रश्न त्याने विचारला.

या साऱ्याचा मथितार्थ एकच : जे साधन मुलाला काही करावयास लावते आणि त्याची अडचण शिक्षकाला कळविते, ते शिक्षणाचे, जे केवळ दाखविते, ते करमणुकीचे. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीपुढे पुढच्या वेळी खरेदीचा प्रस्ताव येईल, तेव्हा किंमत आणि पडद्याचा आकार यांची चौकशी अवश्य करावी. पण त्याआधी कोणत्या पाठात मूल या साधनावर काय करील, त्यातून शिक्षकाला काय कळेल, आणि वीजबिलाची व दुरुस्तीची तरतूद कोणत्या खात्यातून होईल, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळत नसतील, तर तो पैसा तूर्त वाचनालयातील पुस्तकांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे होय.