थट्टा कुठे संपते?

१९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून कामाला आलेली माणसं टाउनशिपच्या सेक्टरांत शेजारी झाली. इथल्या सहावी-सातवीच्या वर्गात म्हणूनच घराघरांतल्या बोली वेगळ्या. उच्चारावरून चिडवाचिडवी होते. दोघंही हसले, तर ती थट्टा. पण एकाच मुलाला रोज गाठलं जातं, जोर एकाच बाजूचा असतो आणि ‘पुरे’ म्हटलं तरी थांबत नाही, तेव्हा तो छळ.

मुलांना तीन गोष्टी शिकवा: ठामपणे ‘थांब’ म्हणणं, तिथून निघून जाणं, मोठ्यांना सांगणं. सांगणं म्हणजे चुगली नव्हे. बघ्यांनी हसू नये. मधल्या सुट्टीत त्या मुलाला डबा खायला सोबत घ्यावं. कोणीच ऐकत नसेल, तर १०९८ हा बाल-हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.