घरच्या फुलबागेसाठी सेंद्रिय खते

घराभोवतालच्या बागेतील माती पुष्कळदा मूळची नसते. बांधकामाच्या वेळी पायातून निघालेली माती, मुरूम व विटांचे तुकडे अंगणात पसरले जातात आणि त्यावरच गुलाब, मोगरा किंवा शेवंती लावली जाते. अशा जागी पहिली एक-दोन वर्षे झाडे बरी दिसतात. पुढे मात्र फुले लहान होतात व बहर ओसरतो. झाडांना पाणी मिळत असूनही असे घडते, याचे कारण मातीत सेंद्रिय द्रव्य उरलेले नसते.

हे द्रव्य दोन प्रकारच्या जमिनींत दोन कामे करते. देशावरील काळ्या, चिकण मातीत त्यामुळे कणांची रवाळ घडण होऊन निचरा सुधारतो व मुळांना हवा मिळते. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत ओलावा व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती वाढते.

शेणखत : यात नत्र सुमारे अर्धा टक्काच असल्याने ते भरपूर द्यावे लागते. तथापि ते पूर्ण कुजलेले असावे. ताज्या शेणाच्या उष्णतेने कोवळी मुळे दुखावतात, त्यातून तणांचे बी येते आणि हुमणीचाही उपद्रव होतो. उग्र वास नसलेले, काळसर व हाताने सहज भुगा होणारे खत तयार झाले असे समजावे.

पेंड व हाडांचा चुरा : निंबोळी पेंडीत नत्र शेणखताच्या अनेक पट असते. गुलाबाच्या मोठ्या झाडास सुमारे १०० ग्रॅम पेंड खोडापासून वीतभर दूर पसरून मातीत मिसळावी व पाणी द्यावे. हाडांच्या चुऱ्यातून स्फुरद मिळते. परंतु तो आम्ल जमिनीतच नीट विरघळतो. चुनखडीच्या जमिनीत त्यावरील खर्च बहुतांशी वाया जातो.

पालापाचोळा : लाकडाचा भुसा किंवा वाळला पाला कच्चाच मातीत गाडू नये. तो कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतील नत्र घेतात आणि झाडाची पाने पिवळी पडतात. हाच पाला उन्हाळ्यात पृष्ठभागावर पसरल्यास ओल टिकते. उरलेला पाला सावलीतील खड्ड्यात वीतभर जाडीच्या थरांनी भरून प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा. ओल राखावी व महिन्याने एकदा वरखाली करावा. काही महिन्यांत उत्तम खत तयार होते.

खत देण्याची वेळ : गुलाबाची छाटणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्याच वेळी आळे मोकळे करून त्यात एक-दोन घमेली शेणखत घालावे. मोगऱ्यास हिवाळ्यातील छाटणीनंतर खत दिल्यास ते उन्हाळी बहरास उपयोगी पडते.

अंगण झाडून पाला जाळण्याची रीत अनेक घरी आहे. त्या धुराबरोबर बागेचे पुढील वर्षाचे खतच नाहीसे होते. कोपऱ्यात एक खड्डा राखल्यास हे नुकसान टळून विकतच्या खताची गरजही पुष्कळ कमी होते.