रविवार, संपर्क सत्राचा

पहाटे ४.३०
घर जागं व्हायच्या आत गृहपाठ उरकायचा. विषय समाजशास्त्र, प्रकरण स्थलांतराचं. माझी शाळा सातवीनंतर स्थलांतरातच सुटली. दिवाळी झाली की बीडहून ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर, परत यायचं ते मार्च-एप्रिलात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय सुटका नाही. फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. त्यामुळे पोराचं लग्न झालं की उचल वाढते. आणि वयात आलेली पोर मागे गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर आईबापांना. १५ व्या वर्षी माझं लग्न लागलं ते असं. त्यांच्यावर राग धरणं मला कधी जमलं नाही. या उचलीचा मात्र आजही संताप येतो.

६.३०
पोळ्यांची कामं. रविवारी सुट्टी कसली, उलट पाहुणे असतात. नवऱ्याला पुण्यात बांधकामावर काम मिळालं तेव्हा कोयता सुटला. मग बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, पुढे तशीच बारावी.

१०.३०
अभ्यासकेंद्र. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते आमच्यासारख्यांसाठीच. वर्ग दुसऱ्या कॉलेजचे, रविवारी रिकामे म्हणून आमचे. शेजारी रिक्षावाले दादा, मागे होमगार्ड, पुढे अंगणवाडीतली मदतनीस. सर मजुरीबद्दल शिकवत होते. मी हात वर केला.

"सर, फडात बाईची मजुरी वेगळी लिहीतच नाहीत. मोळ्या ती बांधते, डोक्यावरून नेऊन गाडीत भरते. हिशेब नवऱ्याच्या नावावर."

सर म्हणाले, "ताई, हे गृहपाठात लिहा. पुस्तकात एवढं नाही."

पहाटे लिहिलेली दोन पानं मी तिथेच खोडली आणि जेवणाच्या सुट्टीत नव्याने लिहायला घेतली.

४.००
पुन्हा कामं, सातपर्यंत.

रात्री ९.००
लेक घड्याळ लावून समोर बसते. "आई, एका उत्तराला वीस मिनिटं. जास्त नाही." मोठ्या वयात शिकणाऱ्या बाईच्या डोक्यात शिरेल का, याची काळजी लोक करतात. डोक्यात शिरतं. दिवसभर लाटणं फिरवलेलं मनगट मात्र दुसऱ्या पानावरच भरून येतं. त्याला रोजचा सरावच हवा.

ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या काकूंना उद्या परीक्षेच्या तारखा सांगायच्या आहेत. सकाळच्या पेपरांना बदली बाई लागेल, ती मीच बघून देणार.